44 युनिट आणि प्रागचा हिवाळा : एक प्रकरण अभ्यास

"मामा, मी एकही मोठी लढाई हरलो नाही. तरी युद्ध हरलो. असं कसं?"

चवथीच्या आदल्या आठवड्यात भाच्याचा हा निरोप आला, सोबत गेमची सेव्ह फाईल. तो फर्मागुडीला इंजिनियरिंग शिकतो आणि अभ्यासातून उरलेल्या वेळात (कधी कधी न उरलेल्या वेळातही) 'नेपोलियन : टोटल वॉर' खेळतो. गेम 2010 सालचा, हे व्यसन त्याला माझ्याकडून लागलेलं. त्यामुळे उत्तर देण्याची जबाबदारी माझीच होती. चवथीला तो घरी आला, बाहेर पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, माटोळी बांधून झाली होती आणि पुढचे दोन दिवस नेवऱ्या खाण्यापलीकडे काही काम नव्हतं. आम्ही फाईल उघडली.

गेम न खेळलेल्यांसाठी नियम थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांच्यावर उभं आहे. नकाशावरचा एक टर्न म्हणजे पंधरा दिवस. एका फौजेत जास्तीत जास्त 20 युनिट (म्हणजे तुकड्या), आणि जनरल हे त्यातलंच एक. फौज आपल्या मुलुखात असेल तर मेलेल्यांची जागा आपोआप भरत जाते, शत्रूच्या मुलुखात भरत नाही. कडाक्याच्या थंडीत बर्फात उघड्यावर राहिलात तर लढाई न होताही माणसं कमी होतात. लढाईच्या वेळी आपली दुसरी फौज अगदी जवळ असेल तर ती मदतीला मैदानात उतरते. दूर असेल तर फक्त बघत बसते.

ऑक्टोबर 1806 ची स्थिती

भाचा फ्रान्सकडून खेळत होता. ऑस्ट्रियाकडून व्हिएन्ना आणि प्राग घेऊन झालं होतं, बव्हेरिया दोस्त होता, आणि नेमक्या त्या वेळी प्रशियाने युद्ध पुकारलं. त्याच्याकडे या आघाडीवर एकूण 44 युनिट होती. ती अशी पसरलेली :

प्रागला खुद्द नेपोलियन, 20 पैकी 20. त्यात गार्ड आणि ग्रेनेडियर (दोन्ही निवडक पायदळं) मिळून 10, क्युरासियर (चिलखती जड घोडदळ) 4, बारा पौंडी तोफांची 5 युनिट आणि नेपोलियन स्वतः. व्हिएन्ना ते प्राग रस्त्यावर 8 युनिटांची एक फौज : 6 साधी लाइन पायदळं, 2 सहा पौंडी तोफखाने, जनरल नाही, घोडा एकही नाही. तिच्या बरंच उत्तरेला 7 युनिटांचं निव्वळ हलकं घोडदळ, हुजार आणि शास्यूर. स्ट्रासबर्गला 4 लाइन आणि 2 हलकी पायदळं. आणि व्हिएन्नात दोन जनरल, त्यांच्या दिमतीला मिलिशियाचं एक युनिट. दोघे जनरल तीन महिने तिथेच बसून होते.

"ते काय करतायत तिथे?"
"त्यांना मी विसरलो होतो."

पुढे काय झालं ते त्याने टर्न टर्न करून सांगितलं. प्रशियाची 17 युनिटांची फौज प्रागवर आली. खाशांच्या, म्हणजे नेपोलियनच्या, फौजेने तिचा धुव्वा उडवला. पळणाऱ्यांचा पाठलाग करत नेपोलियन सरहद्द ओलांडून ड्रेस्डेनच्या वाटेला लागला. तेवढ्यात प्रशियाची दुसरी फौज पश्चिमेकडून वळसा घालून आली आणि रस्त्यावरच्या त्या 8 युनिटांना गाठलं. ती लढाई भाच्याने खेळलीसुद्धा नाही, ऑटो-रिझॉल्व्हला टाकली, म्हणजे निकाल संगणकावर सोडला. म्हणून ती त्याच्या हिशेबात 'हरलेली' नव्हती! मग रिकामं प्राग गेलं. घोडदळ मदतीला आलं ते भिंतींसमोर काय करणार. नोव्हेंबर संपता संपता नेपोलियन शत्रूच्या मुलुखात, मागचा रस्ता तुटलेला, बर्फ पडायला लागलेला. त्याने आणखी तीन लढाया जिंकल्या. प्रत्येक लढाईनंतर गार्डची युनिटं निम्म्याची पाव झाली. नवी भरती करावी तर खजिन्यात पैसा नाही, कारण याच 20 युनिटांचा दर टर्नचा खर्च बाकी सगळ्या सैन्याच्या वर होता. जानेवारी 1807 मध्ये व्हिएन्ना गेलं, तेव्हा शहरात ते दोन जनरल आणि मिलिशियाच होती.

डूमस्टॅकचा मोह

सगळी भारी युनिटं एकाच फौजेत कोंबायची, याला गेम खेळणारे लोक डूमस्टॅक म्हणतात. मला त्याची टवाळी करायची नाही, कारण मैदानावर ती खरोखर जिंकते. संगणकाची फौज समोर येते, पाच बारा पौंडी तोफखाने तिची चाळण करतात, ग्रेनेडियर पुढे सरकतात, शेवटी क्युरासियर सोडले की खेळ खलास. पंधरा मिनिटांत विजय. त्यामुळे माणसाला वाटतं, फौजबांधणी जमली.

पण अशी फौज एका वेळी एकाच जागी असते. प्रशियाला तिच्याशी लढायची गरजच नव्हती, ती जिथे नाही तिथे जायचं होतं. शिवाय फौजेचा वेग तिच्यातल्या सर्वांत मंद युनिटाएवढा. पाच जड तोफखाने ओढत नेपोलियन रांगत होता आणि त्याचे हलके घोडेस्वार दुसऱ्याच टोकाला पतंग उडवत होते. पानिपतावर भाऊसाहेबांच्या गळ्यात बुणग्यांचं लोढणं होतं. इथे तर बुणगेही नव्हते, आपणच आपल्या तोफांचं लोढणं करून घेतलं होतं.

माझ्या मते खरी चूक त्याहून खोल होती. त्याने प्रत्येक फौजेला एकच प्रश्न विचारला : ही किती जोरात मारू शकते? 'ही एकटी सापडली तर किती वेळ उभी राहील' आणि 'हिच्या हाकेला कोण, किती दिवसांत पोचेल' हे दोन प्रश्न विचारलेच नाहीत. रस्त्यावरची आठ युनिटं या दोनांतल्या पहिल्या प्रश्नाला एक टर्नसुद्धा उत्तर देऊ शकत नव्हती. खाशांची फौज दुसऱ्या प्रश्नात नापास.

आम्ही अट घातली. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्याची सेव्ह फाईल उघडायची, नवं एकही युनिट भरती करायचं नाही, तीच 44 वापरून मांडणी बदलायची आणि एप्रिल 1807 पर्यंत खेळायचं.

पहिला उपाय : भावकीची वाटणी

भाच्याने झटक्यात उत्तर काढलं. एका फौजेत सगळं असणं चूक, तर सगळं सारखं वाटून टाकू. तीन जनरल, तीन फौजा, प्रत्येकीत 14 युनिट, गार्ड तीन-तीन, तोफा दोन-दोन, घोडे तीन-चार. वडिलोपार्जित कुळागराची वाटणी करावी तशी, माड मोजून.

कागदावर देखणं दिसत होतं. मी काही बोललो नाही. नोव्हेंबरात प्रशियाच्या दोन फौजा एकापाठोपाठ एकीवर आल्या, पहिली कशीबशी थोपवली, दुसरीने फोडली. बाकीच्या दोन फौजा तोवर पोचल्या, पण पोचून करणार काय? दोन तोफखान्यांनी रांगेला भगदाड पडत नाही. चार क्युरासियर तीन ठिकाणी विभागल्यावर निर्णायक धडक द्यायला कुणीच उरत नाही. सगळ्या फौजा ठीक होत्या, आणि सगळ्या फक्त ठीकच होत्या. डिसेंबरात प्राग पुन्हा गेलं. डूमस्टॅकपेक्षा हळू हरलो, एवढीच सुधारणा.

याच सुमारास वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, म्हणून तास-दीड तास नुसत्या गप्पा झाल्या, आणि खरं सांगायचं तर प्रकरण तिथेच सुटलं.

फोंडा 1683, आउअरश्टेट 1806

मी त्याला विचारलं, तू राहतोस त्या फोंड्याचा वेढा माहीत आहे का? 1683 साली पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर फौज आणि तोफा घेऊन फोंड्याच्या किल्ल्यावर आला. किल्ल्यात येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी, शिबंदी बेताची. आल्व्होरला मैदानात हरवणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं, त्यांचं ते कामही नव्हतं. त्यांचं काम होतं उभं राहणं. संभाजी महाराज कुमक घेऊन आले आणि विजरईला वेढा उठवून परतावं लागलं. एक टिकणारा, एक पोचणारा. टिकणारा नसता तर पोचणाऱ्याला वाचवायला काही उरलं नसतं, आणि कुणी येणारच नसतं तर टिकून किल्ला चार दिवस उशिरा पडला असता, इतकंच.

नेपोलियनने हीच गोष्ट अख्ख्या सैन्याची घडण करून टाकली. 1805 च्या ग्रांद आर्मेत सात कोअर होत्या : बेर्नादोत, मार्मों, दाव्हू, सूल्त, लान, ने आणि ओझरो यांच्या. शिवाय म्युराच्या हाताखाली राखीव घोडदळ, आणि इंपिरियल गार्ड वेगळी. प्रत्येक कोअर म्हणजे एक छोटं पूर्ण सैन्य : दोन-चार डिव्हिजन पायदळ, स्वतःचं थोडं घोडदळ, स्वतःच्या तोफा, स्वतःचा सेनापती. ती वेगळ्या रस्त्याने चाले, कारण दोन लाख माणसं एका रस्त्यावर मावत नाहीत आणि एका मुलुखात खाऊन जगतही नाहीत. पण शेजारची कोअर एक-दोन दिवसांच्या चालीवर असे. कुणी अंगावर आलं तर कोअरने दिवसभर झुंजायचं, तोवर बाकीचे तोफांच्या आवाजाच्या दिशेने येतात.

दाव्हूची तिसरी कोअर याची कसोटी. 14 ऑक्टोबर 1806 ला आउअरश्टेटला तिच्या सुमारे 27,000 माणसांसमोर प्रशियाची मुख्य फौज आली, जवळपास 60,000. नेपोलियन त्याच दिवशी येनाला होता आणि मुख्य फौज आपल्यासमोरच आहे असं समजून चालला होता. बेर्नादोत दोन्ही लढायांच्या मध्ये होता आणि कुठल्याच लढाईला आला नाही. दाव्हू टिकला, टिकून वर जिंकलाही. म्हणजे पोचणारा चुकला तरी टिकणाऱ्याने निभावलं. दरवेळी असं होईल या भरवशावर मात्र राहू नये. 1815 च्या जूनमध्ये नेपोलियनचा मार्शल ग्रुशी सुमारे 33,000 माणसं घेऊन वाव्हरला लढत राहिला आणि वॉटर्लूला पोचलाच नाही.

(जाता जाता : आपल्याकडे असले स्वयंपूर्ण गट नव्हते असं नाही. महादजी शिंद्यांसाठी डी बॉईनने उभे केलेले कवायती कंपू म्हणजे पलटणी, तोफा आणि स्वार यांचे असेच सांधलेले गट. आज आपण 'कंपू' हा शब्द फक्त राजकारण्यांच्या टोळक्यांसाठी वापरतो, याचं मला दर निवडणुकीत वाईट वाटतं. आणि गोव्याला नेपोलियन अगदीच परका नाही. फ्रेंच येतील या धास्तीने 1799 मध्ये इंग्रजांच्या पलटणी इथे येऊन बसल्या आणि बरीच वर्षं हलल्या नाहीत.)

वीज आली तेव्हा भाच्याच्या वहीत एक त्रिकोण काढून झाला होता.

दुसरी मांडणी

गेममधला एक टर्न म्हणजे दाव्हूचा दिवस, असं आम्ही धरलं. संगणकाच्या पाळीत तुमच्यावर हल्ला झाला की शेजारी अगदी लगटून नसेल तर त्या लढाईत तुम्ही एकटेच. तेवढी एक लढाई निभावली, किंवा लढण्याआधी माघार घेऊन वाचलात, की पुढची पाळी आपली. मग सगळे मिळून त्याच्यावर. म्हणून कोअरची मापं ठरली : एक लढाई एकट्याने निभावता येईल इतकी ताकद, आणि शेजाऱ्यापासून एका टर्नच्या चालीपेक्षा जास्त अंतर कधीच नाही.

पहिली कोअर, 13 युनिट : जनरल, 5 लाइन पायदळं, 2 ग्रेनेडियर, 1 हलकं पायदळ, 2 हलके घोडे, एक बारा पौंडी आणि एक सहा पौंडी तोफखाना. दुसरी कोअर हुबेहूब तशीच. दोन्हींमध्ये क्युरासियर एकही नाही. त्यांच्याकडून धडक अपेक्षितच नव्हती. लाइन पायदळ चौकोन बांधून घोडदळ अडवतं, ग्रेनेडियर फाटलेली जागा शिवतात, हलकं पायदळ पुढे राहून शत्रूच्या रांगा विस्कटतं, आणि दोन स्वार युनिटं केवळ एवढ्यासाठी की शत्रूच्या घोडदळाने बाजूने येऊन तोफा कापू नयेत.

उरली हुजुरात, नेपोलियनची, 14 युनिट : तो स्वतः, 6 गार्ड-ग्रेनेडियर, चारही क्युरासियर, 3 बारा पौंडी. हिने पहिली गोळी झाडायची नाही. दोन्ही कोअरच्या मागे, दोघींनाही सारख्या अंतरावर राहायचं.

झाली 40. राहिलेल्या चारांपैकी 3 हलक्या स्वारांची बिनीची तुकडी पुढे सोडली, लढायला नव्हे, बघायला. शत्रूची फौज वाटेत दिसली की मागे सरकायचं. मिलिशिया व्हिएन्नात राहिली.

यात दोन गोष्टी महागात पडल्या. स्ट्रासबर्गची सहाही युनिटं पूर्वेला ओढली, तीन टर्न त्यातच गेले आणि शहर उघडं पडलं. बव्हेरिया मध्ये आहे, दोस्त आहे, या भरवशावर. आणि नेपोलियनची फौज एकटीने जिंकण्याची जी चैन होती ती गेली. भाच्याला दुसरीचं दुःख जास्त झालं. "मामा, माझी गार्ड अशी मागे बसवून ठेवायची?" मी म्हटलं, खुद्द नेपोलियनही गार्ड शेवटच्या घटकेसाठी राखायचा, रशियातल्या बोरोडिनोच्या लढाईत तर मार्शलांनी मागूनही सोडली नाही. त्याने तोंड वाकडं केलं, पण मांडलं तसंच.

नोव्हेंबरच्या पहिल्या टर्नला प्रशियाची फौज आली, 18 युनिट. बिनीच्या तुकडीने आधीच दाखवली होती म्हणून पहिली कोअर प्रागच्या उत्तरेला टेकाडावर सरकवून ठेवली होती. लढाई भाच्यानेच खेळली, या वेळी ऑटो-रिझॉल्व्ह नाही. चाळीस मिनिटं चालली. उतारावर लाइन पायदळाची रांग, मागे एका बाजूला ग्रेनेडियर. घोडदळाचे दोन हल्ले चौकोनांनी परतवले, तिसऱ्या वेळी चौकोन मोडायला उशीर झाला आणि शत्रूच्या तोफांनी दोन युनिटं जवळजवळ पुसली. चौकोन घोड्यांसमोर किल्ला, तोफांसमोर गोठ्यातली गुरं. हे त्याला वाचून माहीत होतं, आता हाताला लागलं. शेवटी प्रशियाची फौज मागे फिरली. कोअरची एक तृतीयांश माणसं गेली होती.

आपली पाळी आली तेव्हा जखमी प्रशियन फौज एका टर्नच्या चालीवर उभी, पश्चिमेकडून दुसरी कोअर, मागून हुजुरात. दोघींनी मिळून गाठलं. बारा पौंडींनी सुरुवात, क्युरासियरांनी शेवट. त्यातून एकही युनिट घरी गेलं नाही. मागच्या खेळात हीच फौज हरून पळाली होती आणि तिच्या मागे लागून नेपोलियन बर्फात गेला होता.

मोह या वेळीही होताच, ड्रेस्डेनचा रस्ता मोकळा दिसत होता. मी काही म्हणायच्या आधी भाच्याने सगळ्यांना प्रागच्या मुलुखात परत आणलं. अर्धी झालेली युनिटं एकमेकांत मिसळायला तो निघाला होता, तेवढं मात्र थांबवलं. आपल्या मुलुखात आहात तर मिसळू नका, बसा, आपोआप भरतात. मिसळलं तर भरलेलं एक युनिट हातात राहतं आणि एक कायमचं जातं. शत्रूच्या मुलुखात अडकलात तर गोष्ट वेगळी.

प्रशियाची दुसरी फौज पश्चिमेकडून तशीच आली. समोर एकाऐवजी तीन फौजा पाहून दोन टर्न घुटमळली आणि डिसेंबरात परत गेली. लढाईच झाली नाही. भाचा म्हणाला, "कंटाळवाणं आहे हे." खरं आहे. डूमस्टॅकची मजा यात नाही.

जिथे गेम इतिहासापासून सुटतो

ही मांडणी जशीच्या तशी खऱ्या 1806 ची नक्कल समजू नये. खऱ्या कोअर वेगळ्या चालत त्याचं एक मोठं कारण पोट होतं. पसरलेलं सैन्य मुलुखावर जगू शकतं, एकवटलेलं उपाशी मरतं. गेममध्ये शिपाई भाकरी खात नाहीत, ते दर टर्नला खजिना खातात, मग पसरा नाहीतर एकवटा. म्हणून गेममध्ये पसरण्याचा फायदा फक्त जागा अडवण्याचा. दुसरं, गेममध्ये हुकूम तत्काळ पोचतो. बेर्नादोत किंवा ग्रुशी तिथे घडूच शकत नाही, तुमचाच माउस दोघांनाही हलवतो. नेपोलियनकडे बेर्तिए होता, हुकूम लिहून वेळेत रवाना करणारा. 1815 मध्ये तो नव्हता, त्याच्या जागी सूल्त होता, आणि फरक दिसला. आमच्या खेळात बेर्तिएचं काम वहीतला त्रिकोण करत होता.

आणखी एक. 13 हा काही मंत्र नाही. शत्रू 20 च्या पूर्ण फौजा घेऊन जोडीने यायला लागला तर 13 ची कोअर एक लढाई निभावणार नाही, 16 लागतील, किंवा अंतर निम्म्यावर आणावं लागेल.

एप्रिल 1807

प्राग हातात, व्हिएन्ना हातात, 44 पैकी 41 युनिट जिवंत, बहुतेक भरलेली. चवथीचा मुक्काम संपवून भाचा फर्मागुडीला परत गेला आणि चार दिवसांनी स्क्रीनशॉट पाठवला. इंग्रज फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले होते. स्ट्रासबर्ग रिकामं, पॅरिसमध्ये नावाला शिबंदी. आम्ही जी जोखीम घेतली होती तिचं बिल आलं होतं.

मी लिहिलं, दुसरी कोअर अख्खी पाठव, नेपोलियनला हलवू नको. तासाभराने त्याचं उत्तर आलं. त्याने कोअर हलवलीच नव्हती. तिचा जनरल तेवढा काढून एकटा पॅरिसकडे सोडला होता. गेममध्ये जनरल जिथे असेल तिथे आसपासच्या शहरांतून भरती मागवू शकतो आणि नवी युनिटं चालत त्याच्याकडे येतात. एकट्या जनरलला तोफा ओढायच्या नव्हत्या. तो कोअरच्या कितीतरी आधी पोचणार होता, आणि आमची भरतीबंदीची अट एप्रिलला संपली होती. मधल्या काळात बिनजनरलची दुसरी कोअर प्रागच्या भिंतीआड बसणार होती.

हे मला सुचलं नव्हतं. खाली त्याने लिहिलं होतं : "व्हिएन्नात बसलेला तोच हा, मामा. आता याला विसरत नाही."